इशारा पाठवला म्हणजे पोहोचला का?

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी घाट उतरून पोलादपूरला येते, पुढे महाडजवळून वाहते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. महाडच्या परिसरात गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी तिला येऊन मिळते. वर घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस आणि खाली समुद्राची भरती असा योग जुळून आला की या पाण्याला वाट उरत नाही आणि ते महाडच्या बाजारपेठेत शिरते. पूर महाडकरांना नवा नाही. परंतु २५ आणि २६ जुलै २००५ रोजी पुराबरोबर डोंगरही खाली आले. जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या गावांत दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे गिळली. महाबळेश्वरला त्या वेळी २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती.

अशा प्रत्येक आपत्तीनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे इशारा दिला होता का? त्याच्या पुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्याला इशारा मिळाला त्याला, आता नेमके काय करायचे, हे कळले होते का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना संगणकाच्या जगात ‘युजर एक्स्पीरियन्स डिझायनर’ म्हणतात. मोबाइलवरील बँकेचे अ‍ॅप असो, रेल्वेचे आरक्षण असो वा पुराचा इशारा, कोणतीही वस्तू किंवा सेवा घडत असताना ती वापरणाऱ्या माणसाची बाजू मांडणे हे त्यांचे काम. आपल्याकडे या व्यवसायाबद्दल बराच गैरसमज आहे. पडद्यावरचे रंग निवडणारा, चित्रे सुबक करणारा कलाकार एवढीच त्याची ओळख असते. हा समज किती अपुरा आहे, हे महाड-पोलादपूरच्या उदाहरणावरून चांगले समजते.

शब्द जुना नाही, विचार जुना आहे

‘युजर एक्स्पीरियन्स’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. १९९३ मध्ये ते अ‍ॅपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांनी आपल्या पदनामातच हे शब्द घेतले. वस्तू हाती येण्यापूर्वीपासून ती बिघडल्यावर काय होते येथपर्यंत माणसाचा तिच्याशी येणारा सारा संबंध त्यांना या शब्दांत सामावून घ्यायचा होता. पण नॉर्मन यांची या विषयातील वाटचाल त्याआधीची आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला. त्यानंतर तेथील नियंत्रण कक्षाच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांत ते होते. त्या कक्षात एका झडपेसाठी एक दिवा होता. दिवा विझला की झडप बंद झाली, असे कर्मचारी समजत. प्रत्यक्षात तो दिवा एवढेच सांगत होता की, झडप बंद करण्याचा आदेश पाठवला गेला आहे. झडप उघडीच राहिली होती आणि अणुभट्टी थंड राखणारे पाणी तिच्यातून निघून जात होते.

आदेश पाठवणे आणि काम होणे यांतील हे अंतर सगळ्या जगाला त्या दिव्याने शिकवले. पुराच्या इशाऱ्यालाही ते तंतोतंत लागू पडते. नियंत्रण कक्षात ‘संदेश पाठवला’ अशी नोंद होते, तेव्हा फक्त दिवा विझलेला असतो. झडप बंद होते ती वाडीतील शेवटचे घर रिकामे झाल्यावर.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. पवईच्या आयआयटीमध्ये १९६९ साली औद्योगिक संकल्पन केंद्र सुरू झाले. आज ज्या मतदान यंत्राचे बटण महाडचा मतदारही दाबतो, त्याच्या बाह्य रचनेत या केंद्रातील ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांचा वाटा होता. उमेदवाराचे नाव, शेजारी चिन्ह, त्याच ओळीत निळे बटण. बटण दाबताच दिवा लागतो आणि लांब शिट्टी वाजते. वाचता न येणाऱ्याला चिन्ह दिसते, कमी दिसणाऱ्याला आवाज ऐकू येतो आणि मत नोंदले गेले की नाही याची शंका उरत नाही. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर ही यंत्रे वापरली गेली. कोट्यवधी माणसांनी कोणतेही प्रशिक्षण न घेता ती वापरली, याचे श्रेय विजेच्या मंडलाइतकेच या मांडणीला आहे.

वापरणारा कोण?

डिझायनरचे पहिले काम कागदावर रेघ ओढण्याचे नसते. ते पायपीट करण्याचे असते. समजा, महाड आणि पोलादपूरसाठी पूर आणि दरडींच्या इशाऱ्याची नवी व्यवस्था करायची आहे. अभियंता विचारील, नदीत मापक कोठे बसवायचे? हवामानतज्ज्ञ विचारील, पावसाची आकडेवारी किती वेळाने मिळेल? डिझायनरचा प्रश्न असेल, हा इशारा कोण ऐकणार आहे आणि त्या क्षणी तो काय करीत असेल?

उत्तर एकच नाही. बाजारपेठेतील दुकानदाराला माल पोटमाळ्यावर चढवण्यासाठी वेळ हवा असतो. त्याच्या दृष्टीने दोन तास आधीचा इशारा आणि अर्ध्या तासाचा इशारा यांत एका हंगामाच्या कमाईचा फरक आहे. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवर एकट्या राहणाऱ्या वृद्धेकडे फोन असलाच तर तो साधा, बटणांचा असतो. दिवसभर वीज नसली की तोही बंद. आंबेनळी किंवा कशेडी घाटातील चालकाला गाडी चालवताना संदेश वाचता येत नाही. मुंबईत नोकरीला असलेला चाकरमानी गावापासून दूर असतो. पण घरी फोन करून आईवडिलांना बाहेर काढणारा बहुधा तोच असतो. म्हणजे ज्याच्या फोनवर इशारा पोहोचतो तो, आणि ज्याला पळायचे आहे तो, अशी दोन वेगळी माणसे असू शकतात. तालुका पातळीवरील नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसलेला कर्मचारी हादेखील वापरकर्ताच होय. त्याचा विसर सर्वांत आधी पडतो.

या विसराची किंमत काय असते, हे १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवर दिसले. तेथील आपत्ती यंत्रणेकडून क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लाखो फोनवर गेला. चूक काही मिनिटांतच लक्षात आली. परंतु दिलेला इशारा मागे घेण्यासाठी तयार मजकूर किंवा ठरलेली पद्धतच नव्हती. दुरुस्तीचा संदेश जायला ३८ मिनिटे लागली. तेवढा वेळ माणसे मुलाबाळांना कवटाळून बसली होती. दोष एका कर्मचाऱ्यावर ढकलणे सोपे होते. पण इशारा पाठवण्याची सोय करताना तो मागे घेण्याची सोय केली नाही, हा मूळचा रचनादोष होता.

आकड्याचे निर्णयात रूपांतर

पावसाळ्यात रायगड जिल्ह्यातील नद्यांच्या पातळ्या प्रशासन प्रसिद्ध करते. महाड येथे सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर आहे. अभियंत्याच्या दृष्टीने हा आकडा स्पष्ट आणि पुरेसा आहे. पण दस्तुरी नाक्यावरच्या दुकानदाराला ६.५० मीटर म्हणजे काय ते दिसत नाही. त्याला हवे असते ते वेगळेच. पाणी माझ्या उंबऱ्याला लागेल का, केव्हा लागेल आणि त्याआधी मी काय करू? नदीतील मापकाच्या आकड्याचा गल्लीशी आणि घड्याळाशी सांधा जुळवणे, हे डिझायनरचे खरे काम. त्यासाठी त्याला जुन्या पुरांच्या पाणीखुणा पाहाव्या लागतात, कोणत्या गल्लीत आधी पाणी येते ते वृद्धांकडून समजून घ्यावे लागते आणि ते जलतज्ज्ञाच्या हिशेबाशी ताडून पाहावे लागते. हे ज्ञान गावात असतेच. ते यंत्रणेत आणावे लागते.

रंगांचेही तसेच. हवामान खाते हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत इशारे देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस मोजला जातो, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. देशासाठी ही विभागणी योग्यच आहे. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी जुलै महिन्यात ६४.५ मिलिमीटर पाऊस ही नित्याची बाब असते. रोज दिसणारा पिवळा रंग काही दिवसांनी दिसेनासा होतो आणि वरचेवर दिसणाऱ्या नारिंगी रंगाचीही तीच गत होते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. तिचा धडा मुलासाठी होता. पण यंत्रणेसाठीही तो आहे. इशाऱ्यांची संख्या जपून वापरावी लागते, कारण विश्वास ही संपणारी वस्तू आहे. म्हणून, कोणता इशारा द्यायचा नाही, हेही डिझायनरला ठरवावे लागते आणि त्यासाठी हवामानतज्ज्ञाशी वाद घालावा लागतो.

सत्तर चिन्हांचे मराठी

भाषेचा प्रश्न केवळ भाषांतराने सुटत नाही, याचे एक ठळक उदाहरण एसएमएसमध्ये सापडते. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत ही मर्यादा अवघी ७० चिन्हांची आहे. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातील हलन्त यांची गणती स्वतंत्र होते. ‘सावित्री’ हा आपल्या दृष्टीने तीन अक्षरी शब्द एसएमएसच्या हिशेबाने आठ चिन्हांचा आहे. याहून लांब मजकूर तुकड्यांत विभागून जातो. फोन ते तुकडे जोडून दाखवतो हे खरे. पण वादळी रात्री जाळे डळमळीत असले तर एखादा तुकडा मागे राहू शकतो.

आता सरकारी वळणाचे एक वाक्य घेऊ. ‘सावित्री नदीची पाणीपातळी वाढण्याची शक्यता असल्याने नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ व्याकरण निर्दोष आहे. पण पहिली ७० चिन्हे ‘नागरिकांनी’ या शब्दातच संपतात. काय करायचे ते सांगणारे क्रियापद मर्यादेच्या पलीकडे राहते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांबलचक वाक्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत उशिरा कळते. शिवाय ‘सतर्क राहावे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतोच. बॅटरी घेऊन दारात उभे राहायचे, की घर सोडायचे?

डिझायनर याच मजकुराचा पहिला कच्चा नमुना असा करील : ‘महाड बाजारपेठ: रात्री ९ पर्यंत पाणी येईल. माल आताच वर हलवा.’ ही ५९ चिन्हे झाली. स्थळ, वेळ आणि कृती तिन्ही आली. काम झाले असे वाटते, पण नाही. हा नमुना कागदावर लिहून चार-पाच जणांना दाखवावा आणि ‘यातून तुम्हांला काय समजले?’ एवढेच विचारावे. एखादा म्हणू शकेल की, नऊपर्यंत पाणी येत राहील, मग ओसरेल. म्हणजे नऊनंतर दुकानात जायला हरकत नाही! ‘पर्यंत’ या एका शब्दाने अर्थ उलटा केला. मग सुधारित नमुना होतो : ‘महाड बाजारपेठ: रात्री ९ च्या आत पाणी शिरेल. माल आताच वर हलवा.’ दोन चिन्हे वाढली, ६१ झाली. पण संदिग्धता गेली. ही चूक कार्यालयात बसून सापडत नाही, समोरच्याला वाचू दिल्यावर सापडते. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली मांडलेले मत या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. मोठ्या पाहणीची वाट पाहण्यापेक्षा पाचच माणसांकडून नमुना वापरून घ्यावा, सुधारावा आणि पुन्हा दुसऱ्या पाच जणांना दाखवावा, असे ते सांगतात. पाच माणसे आणि एक कागद, एवढा खर्च कोणत्याही तालुक्याला परवडतो.

यंत्रणा गप्प असेल तर?

इशारे पोहोचवण्याच्या तंत्रात अलीकडे मोठी प्रगती झाली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेतून विशिष्ट भागातील फोनवर प्रादेशिक भाषांत संदेश धाडता येतात. ‘सेल ब्रॉडकास्ट’ या तंत्राच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या. त्यात कोणाचाही क्रमांक माहीत असण्याची गरज नसते. मनोऱ्याच्या टप्प्यातील फोन एकाच वेळी मोठ्याने वाजतात. अभियंत्यांचे हे काम निःसंशय मोलाचे आहे. मात्र मनोऱ्याची वीज गेली की हे तंत्रही मुके होते आणि जुलै २०२१ मध्ये महाड परिसरात वीज व दूरध्वनी यंत्रणा कोलमडली होती.

येथे डिझायनर एक अप्रिय प्रश्न विचारतो. यंत्रणा बंद पडली, तर वापरणाऱ्याला ते कळणार कसे? संदेश आला नाही म्हणजे धोका नाही, अशी माणसाची स्वाभाविक समजूत होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यान मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बसगाड्या आणि अन्य वाहने नदीत कोसळली. पुढे पूल उरलेला नाही, हे काळोखात चालकाला सांगणारी कोणतीही खूण रस्त्यावर नव्हती. रस्ता नेहमीसारखाच दिसत होता. पुढील वर्षी, जून २०१७ मध्ये, तेथे नवा पूल सुरू झाला. त्या रात्रीचा धडा मात्र पुलापुरता नाही. बिघाड झाल्यावर जी व्यवस्था शांत बसते, ती धोकादायक असते. म्हणून नदीतील मापकाकडून ठरावीक वेळेत नोंद आली नाही, तर नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर जुना आकडा तसाच दिसत राहता कामा नये. ‘मापक बंद, माणूस पाठवा’ असे ठळकपणे दिसले पाहिजे.

पुढचा टप्पा दुसऱ्या वाटेचा. फोन बंद पडला की भोंगा, भोंगा ऐकू आला नाही की देवळातील घंटा किंवा ध्वनिक्षेपक आणि तेही नसेल तर दारोदार जाणारा माणूस. पूर्वी गावात कोतवाल दवंडी देत असे. दवंडीला वीज लागत नव्हती, अक्षरओळख लागत नव्हती आणि ऐकणाऱ्याला प्रतिप्रश्नही विचारता येत होता. पोलीस पाटील आणि कोतवाल ही पदे आजही आहेत. नव्या व्यवस्थेत त्यांना कोणता संदेश, किती आधी आणि कोणत्या शब्दांत मिळावा, वाडीतील कोणते घर कोणी रिकामे करायचे आणि ते झाल्याचे उलट कसे कळवायचे, हे आधीच ठरवणे हेदेखील वापरकर्त्याच्या अनुभवाचेच नियोजन आहे. त्यात एकही चकचकीत पडदा नाही.

बोलावणे केव्हा?

आपल्याकडे डिझायनरला बोलावले जाते ते बहुधा सर्वांत शेवटी. निविदा निघालेली असते, मापके बसलेली असतात, अ‍ॅप लिहून झालेले असते. मग ‘जरा नीट दिसेल असे करून द्या’ म्हणून कोणाला तरी हाक मारतात. घर बांधून झाल्यावर वास्तुरचनाकाराला बोलावण्यासारखाच हा प्रकार आहे. वाडीतील वृद्धेकडे साधा फोन आहे, हे अ‍ॅप तयार झाल्यावर कळून उपयोग काय? हीच माहिती आरंभी मिळाली असती, तर कदाचित त्या पैशांत अ‍ॅपऐवजी सौरऊर्जेवर चालणारे भोंगे बसले असते. चांगल्या डिझायनरचा सल्ला कित्येकदा ‘ही वस्तू बनवू नका’ असाही असतो आणि तो ऐकण्याची तयारी प्रकल्पप्रमुखाकडे असावी लागते.

त्याचे काम पहिल्या पावसाबरोबर संपतही नाही. प्रत्येक हंगामानंतर दप्तर उघडून पाहावे लागते. किती इशारे गेले, किती खरे ठरले, संदेश मिळूनही किती कुटुंबे घरातच राहिली आणि का राहिली? गुरे सोडून जाता येत नव्हते म्हणून? निवारा शाळेत होता आणि तिकडे जाणारा रस्ताच पाण्याखाली होता म्हणून? ही कारणे संगणकाच्या नोंदीत सापडत नाहीत. त्यासाठी ओसरीवर बसून बोलावे लागते. लोक ऐकत नाहीत, ही तक्रार तपासायची असेल तर त्यांना जे सांगितले ते करणे शक्य होते का, हे आधी पाहावे लागते.

अर्थात, या शास्त्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. डिझायनर पाऊस थांबवू शकत नाही, दरड केव्हा सुटेल ते सांगू शकत नाही. जो डोंगर उभा फाटला आहे, त्याच्या पायथ्याची वस्ती हलवण्याला कोणताही संदेश पर्याय होऊ शकत नाही. पुनर्वसन लांबवण्याचे निमित्त म्हणून इशारा यंत्रणेकडे बोट दाखवले जात असेल, तर ते स्पष्ट शब्दांत सांगणे हेही त्याचे कर्तव्य ठरते. कारण तो वापरणाऱ्याचा वकील असतो.

एखाद्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बटण चुकीच्या जागी असले तर ग्राहक वैतागतो आणि दुसऱ्या कंपनीकडे जातो. महाड-पोलादपूरच्या माणसाला दुसरी नदी नाही आणि दुसरा डोंगर नाही. त्याच्यासाठी घडवलेल्या प्रत्येक यंत्रणेच्या आराखड्यात मापके, मनोरे आणि संगणक यांच्या खर्चाबरोबर आणखी एक ओळ असायला हवी : हा इशारा वाडीतल्या पाच जणांना वाचून दाखवला, त्यांना काय समजले ते येथे नोंदवले. तो रकाना कोरा असेल, तर यंत्रणा पूर्ण झाली असे कोणीही म्हणू नये.